नाव कोणत्या शाळेत टाकायचं?



गेल्या आठवड्यात दुपारी गच्चीवर पापड वाळत घालून जरा टेकले होते, तेवढ्यात फोन वाजला. नात्यातलीच एक सून, माझ्या मुलीच्या वयाची. ख्यालीखुशाली झाली, लोणच्याच्या कैऱ्यांचा भाव झाला, आणि मग ती हळूच मुद्द्यावर आली. "काकू, आमचा यंदा तिसरीत जाईल. त्याला पुढे नवोदयला बसवायचंय. तुमच्या भिवापूरच्या आसपास एखादी खेड्यातली शाळा आहे का, जिथे नाव टाकता येईल? रोज जावं लागत नाही म्हणतात."

मी फोनवर "बघते" एवढंच म्हणाले. खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं, उत्तर मला माहीत होतं. पण ते सांगायचं तर आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती फोनवर सांगण्यासारखी नाही. असा फोन मला चौथ्यांदा आला आहे. म्हणून आज लिहूनच टाकते.

ज्यांच्या घरात लहान मुलं नाहीत त्यांच्यासाठी आधी नवोदय म्हणजे काय ते थोडक्यात. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात खेड्यापाड्यातल्या हुशार मुलांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात केंद्र सरकारची निवासी शाळा काढायचं ठरलं. त्याआधी १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून देशात दोनच शाळा निघाल्या, एक हरयाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या विदर्भात, अमरावतीला. सहावी ते बारावी, सात वर्षं. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं सरकारचं. नववीपासून काही मुलांकडून महिन्याला विकास निधी घेतात, पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना तोही माफ. आपल्या नागपूर जिल्ह्याचं नवोदय पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीला, पेंचच्या बाजूला आहे. भिवापूर जिल्ह्याच्या एका टोकाला आणि ते दुसऱ्या टोकाला.

प्रवेश परीक्षा पाचवीत असताना होते. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले निम्मे गुण आकृत्यांच्या प्रश्नांना: वेगळी आकृती ओळखा, आरशातलं प्रतिबिंब ओळखा, घडी घालून भोक पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल ते सांगा. तिथे भाषा लागतच नाही. मग थोडं गणित आणि थोडं भाषेचं आकलन, तेही मराठीतून देता येतं. ही परीक्षा मुलाला आयुष्यात एकदाच देता येते. नापासाला पुढच्या वर्षी वगैरे काही नाही.

आता हिशेब. मी बी.कॉम. आहे, हिशेबाशिवाय मला बोलता येत नाही, घरातले त्यावरून चिडवतात. एका नवोदयमध्ये वर्षाला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, म्हणजे ६०. एक तृतीयांश मुलींच्या. जिल्ह्यात तालुके चौदा, त्यातलं नागपूर शहर सोडलं तर तेरा. साठला तेराने भागा. एका तालुक्याच्या वाट्याला सरासरी चार-पाच ग्रामीण जागा. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचं वाचा.

ग्रामीण कोण, याचा नियम कडक आहे. तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं मुलाने खेड्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण काढलेली हवीत. एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत गेला असेल तरी तो शहरी. म्हणून तर तिसरीच्या तोंडावर हे फोन येतात.

माझा नातू तिसरीत जाणार होता तो २०२१ चा जून. कोरोनाची दुसरी लाट नुकती ओसरली होती, शाळा नावालाच सुरू, अभ्यास मोबाइलवर. मुलाने जेवताना विषय काढला. भिवापूरला आता नगरपंचायत आहे, म्हणजे इथल्या शाळेतला मुलगा शहरी ठरणार. पलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत (नाव सांगत नाही) त्याची ओळख होती. नाव तिथे टाकायचं, अभ्यास घरी आणि क्लासला. "आई, शाळा बंदच आहेत. कोण कुठे जातंय? आणि सगळेच करतात."

सूनबाईच्या चेहऱ्यावरून कळलं की दोघांचं ठरलेलं आहे, मला फक्त सांगताहेत. हे पेपर वाचत होते, मान वर केली नाही.

मी "नाही" म्हणाले. का म्हणाले हे तेव्हा मला नीट सांगताही आलं नाही. पाठशाळेत आपण लहानपणी अचौर्याणुव्रत आणि त्याचे अतिचार घोकलेले असतात. चोरी करायला लावू नये, चोरीचा माल घेऊ नये, राज्याचे नियम चुकवून व्यवहार करू नये, मापात कमी-जास्त करू नये, चांगल्या मालात हलका मिसळून खपवू नये. माझे सासरे हे दुकानात पाळायचे. आमचं किराणा दुकान आणि जोडीला मिरचीचा व्यवहार. भिवापुरी मिरचीत दुसरीकडची मिरची मिसळून भिवापुरी म्हणून विकली तर भाव किती वाढतो हे त्यांना चांगलं माहीत होतं, आणि त्यांनी ते कधी केलं नाही. आता तर या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. मी मुलाला म्हटलं, "बाबा, आजोबांनी मिरचीचं गाव बदललं नाही, आणि आपण पोराचं गाव बदलायचं?"

त्याला राग आला. "माल वेगळा, मुलगा वेगळा. तुझ्या व्रतापायी त्याची संधी जाईल." हे वाक्य त्याने पुढे तीन वर्षांत दोनदा ऐकवलं. खोटं कशाला सांगू, दोन्ही वेळा लागलं. कारण मी घेतलेल्या निर्णयाची किंमत मी मोजत नव्हते, आठ वर्षांचं पोर मोजत होतं.

नाव हललं नाही. पण नातू परीक्षेला बसणार हे कायम राहिलं, शहरी म्हणून. क्लास लावला, वर्षाचे दहा हजार. पुस्तकं वेगळी, सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे वेगळे. चौथीपासून रोज संध्याकाळी मी त्याला पडवीत घेऊन बसायची.

मला स्वतःला हे नवीन नव्हतं. मी चौथीत होते तेव्हा शिष्यवृत्तीला बसले होते. ही आपल्याकडची फार जुनी परीक्षा, १९५४-५५ पासूनची. तेव्हा चौथी आणि सातवीला असायची, २०१७ पासून पाचवी आणि आठवीला केली, आणि आता पुन्हा चौथी-सातवीला न्यायचा निर्णय झालाय. आमचे गुरुजी निवडक सात-आठ मुलांना शाळा सुटल्यावर थांबवून कंदिलाच्या उजेडात शिकवायचे. मुलं रात्री शाळेतच सतरंजीवर झोपायची आणि पहाटे उठून पुन्हा गणितं. आम्ही दोन मुली आठला घरी. मला सूर्यास्ताआधी जेवायचं असायचं म्हणून आई पाचलाच डबा पाठवायची, आणि गुरुजी न विसरता म्हणायचे, "आधी जेव, मग उदाहरण." फी एक पैसा नाही. त्या आठ जणांत पाटलाचा मुलगा होता, गुराख्याचा होता, मी वाण्याची होते. कंदील एकच आणि गुरुजीही तेच. मला शिष्यवृत्ती मिळाली नाही. गुराख्याच्या मुलाला मिळाली. आमच्या घरी त्याचं कोणाला नवल वाटलं नव्हतं, वडिलांनी त्याला बोलावून नवी पाटी दिली होती.

आता त्या कंदिलाच्या जागी क्लास आहे. क्लास वाईट नसतो, शिकवणारे मेहनत करतात. पण क्लासला जाणाऱ्या मुलाने आकृत्यांचे हजार प्रश्न सोडवलेले असतात आणि न जाणाऱ्याने दहा. मग परीक्षेत हुशारी मोजली जाते की सराव, हे सांगणं अवघड होतं. माझ्या नणंदेची मुलगी अमेरिकेत न्यूयॉर्कला असते. तिथल्या सरकारी शाळांत हुशार मुलांचे वेगळे वर्ग असतात आणि त्यासाठी चार वर्षांच्या मुलांची परीक्षा घ्यायचे. चार वर्षांच्या! तिथेही त्या चिमुरड्यांचे क्लास निघाले होते, तिने स्वतः मुलाला पाठवलं होतं. २०२१ मध्ये ती परीक्षा बंद झाली तेव्हा ती मला फोनवर म्हणाली, "मामी, सुटले." सुटली ती की तिचा मुलगा, ते मी विचारलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

डिसेंबर उजाडला की आमच्या शेडवर मिरचीचा सातरा सुरू होतो. भिवापूर-उमरेडच्या बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, बाया ओळीने बसून लाल मिरचीचे देठ खुडतात, किलोवर मजुरी मिळते. डोळे चुरचुरतात, बोटं जळतात. आजूबाजूच्या खेड्यांतून बाया ऑटोने येतात. त्यातली एक बाई रविवारी आपल्या मुलीला सोबत आणायची, कारण घरी तिला बघायला कोणी नसायचं. मिरचीच्या खकाण्यात पोर खोकायला लागली की मी तिला पडवीत बोलवायची. ती नातवाच्याच वर्गात, चौथीत, आपल्या खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत.

एका रविवारी नातू आकृत्यांशी झगडत होता. कागदाची घडी, दोन भोकं, उघडल्यावर काय दिसेल. तो पर्याय खोडत बसला होता आणि ती पोरगी शेजारून हळूच म्हणाली, "तिसरं." बरोबर होतं. पुढचंही बरोबर, त्याच्या पुढचंही. मी तिला विचारलं, कसं कळलं? तर म्हणे, "आई पत्रावळीले अशीच घडी घालते."

त्या हिवाळ्यात ती दर रविवारी बसली. पुढच्या हिवाळ्यातही. तिच्या शाळेतल्या सरांनी पाचवीच्या पाचही मुलांचे ऑनलाइन फॉर्म स्वतःच्या मोबाइलवरून भरले होते. त्या सरांना मी कधी भेटले नाही, पण त्यांचं नाव निघालं की मला आमचे गुरुजी आठवतात. तिची आई म्हणायची, "बाई, पोरगी हुशार हाये म्हन्ते मास्तर. पन माह्याकून काय होते? मले तं वाचताबी येत नाही." मी म्हणायची, तुमच्याकडून झालंय, आता तिच्याकडून होईल. किती सहज म्हणायची मी हे!

आपल्यात एक शब्द फार वापरतात, क्षयोपशम. कोणाचं मूल पटकन स्तोत्र पाठ करतं, तर "त्याचा क्षयोपशम चांगला आहे." ज्ञानावरणीय कर्माचा पडदा ज्याचा जेवढा विरळ, तेवढी त्याची बुद्धी. मला हा विचार आवडतो, कारण त्यात बुद्धी आईवडिलांच्या मालकीची राहत नाही. तो पडदा वाण्याच्या घरी विरळ आणि मजुराच्या घरी जाड असा काही नियम नाही. पण हा शब्द आपण आपल्याच मुलांसाठी वापरतो, नाही का? सातऱ्यावरच्या बाईच्या मुलीचा क्षयोपशम चांगला आहे असं म्हणताना मी कोणाला ऐकलेलं नाही. तिला आपण म्हणतो "चुणचुणीत".

२०२४ च्या जानेवारीत परीक्षा होती. डिसेंबरच्या शेवटी मी दोघांना उत्तरपत्रिकेचा सराव द्यायचं ठरवलं. ही उत्तरपत्रिका म्हणजे गोळे काळे करायचा कागद, मशीनवर तपासतात. प्रश्न येत असूनही गोळा चुकला की गुण गेला. नातवाने क्लासमध्ये असे पन्नास कागद भरले होते. पोरीने एकही पाहिलेला नव्हता. मी झेरॉक्स काढून आणल्या.

आणि त्याच आठवड्यात सूनबाई माझ्याकडे आली. भांडायला नाही, डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "आई, तो तिच्या शेजारी बसला की घाबरतो. ती उत्तर देते आणि त्याचा हात थांबतो. रात्री म्हणत होता, मला येत नाही. परीक्षेपर्यंत तेवढं तिला नका ना बोलवू." दोनच रविवार उरले होते.

मी तिच्या आईला सांगितलं की घरी पाहुणे येणार आहेत, दोन रविवार पोरीला पडवीत नको.

पाहुणे कोणी येणार नव्हते. ती दोन्ही रविवार शेडवर आईशेजारी देठ खुडत बसली, मी खिडकीतून पाहिलं. झेरॉक्स कपाटात राहिल्या. शाळेचं खोटं नाव नको म्हणून मी घरात एवढी ताणून धरली होती, आणि जे माझ्या हातात होतं, ज्याला ना सरकार लागत होतं ना नियम, ते मी असं केलं.

निकाल मार्चच्या शेवटी लागला. नातवाची निवड नाही. पोरीचीही नाही. मी तिच्या आईला निकालाचं विचारलं तेव्हा पोरगीच बोलली, "आजी, पेपर येत होता. पन गोल कुठं भरायचे ते कळलं नाही, खाली-वर झाले." यावर मी काय बोलणार होते?

तिला ती जागा मिळालीच असती असं मी म्हणत नाही. गणितात ती कच्ची होती, उतारा सावकाश वाचायची. पण दोन रविवारांत गोळे भरायला नक्की शिकली असती.

त्याच वर्षीच्या महावीर जयंतीला एका गावी समाजातल्या गुणवंत मुलांचा सत्कार होता. आम्ही नात्यामुळे गेलो. नवोदयला निवड झालेला एक मुलगा होता, आपल्याचपैकी. शाल, श्रीफळ, मोमेंटो. त्याची आई माझ्या शेजारीच बसली होती. तिने मोकळेपणाने सांगितलं की तीन वर्षं नाव खेड्यात होतं, मुलगा शहरातच शिकला, "तेवढं करावंच लागतं हो काकू." व्यासपीठावरून एक भाऊसाहेब ज्ञानदानाचं महत्त्व सांगत होते. आहारदान, औषधदान, अभयदान आणि ज्ञानदान. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. मुलगा खरंच गोड होता, आणि त्याचा यात काही दोष नव्हता.

परतताना गाडीत मुलगा काही बोलला नाही. "बघ, त्यांनी केलं" असं तो म्हणेल असं मला वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "त्या तालुक्याच्या चारपैकी एक गेली." हिशेब त्यालाही येतो.

ज्यांनी असं केलंय त्या माझ्यावर रागावतील, त्यांची बाजूही मला माहीत आहे. सरकारी नोकरीतले लोक करतात, मग आपण का नाही? आपणही कर भरतो. खाजगी शाळांची फी परवडत नाही, आपल्या समाजातही सगळे श्रीमंत नाहीत. हे खरं आहे. आपल्यातलं एखादं कुटुंब खरोखर खेड्यात राहतं, मूल तिथल्याच शाळेत जातं, तर त्याने जरूर बसावं, तो त्याचा हक्कच आहे. शहरातल्या मुलानेही शहरी म्हणून बसावं, माझा नातू बसला तसा. माझं म्हणणं फक्त त्या नावापुरतं आहे.

गंमत बघा. नवोदय म्हटलं की आपल्या बायका पहिला प्रश्न काय विचारतात? "तिथे जेवणाचं काय? कांदा, लसूण, बटाटा? रात्रीचं जेवण?" प्रश्न रास्त आहे, वसतिगृहाचं स्वयंपाकघर आपल्या सूर्यास्तावर चालत नाही. मी सत्काराच्या त्या आईलाही विचारलं. तिने बारकाईने सांगितलं, मुलगा कंदमूळ कसं बाजूला काढतो, घरून काय काय कोरडा खाऊ नेतो, दशलक्षणात काय करायचं ठरवलंय. बटाट्याचा एवढा विचार आणि ज्या दाराने पोर आत गेलं त्याचा काहीच नाही, हे मला पचत नाही. बटाटा ताटातून बाजूला काढता येतो. तीन वर्षं रोज "तू कोणत्या शाळेत आहेस?" या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायला शिकवलेलं पोर, त्याच्या ताटातून आपण काय काढणार?

आणि शिक्षणासाठी वसतिगृहं काढणं आपल्या समाजाला नवीन नाही. कारंजाचं गुरुकुल १९१८ चं. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्यातलेच, कुंभोजला जन्मलेले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. पोरांना खायला घालायला पैसे उरले नाहीत तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. सत्काराच्या भाषणांत भाऊरावांचं नाव दरवर्षी येतं, लक्ष्मीबाईंचं फारसं येत नाही. त्या बाईने दुसऱ्यांच्या मुलांसाठी आपलं दिलं. आपण आपल्या मुलासाठी दुसऱ्याचं घेतो. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं, कारण ते मलाही लागू आहे.

नातू मजेत आहे, कोणी काळजी करू नका. शिष्यवृत्तीला यादीत आला नाही, पण पात्र ठरला. सध्या त्याला अभ्यासापेक्षा सायकली खोलून जोडण्यात रस आहे आणि त्याचे बाबा पूर्वी रागवायचे तेवढे आता रागवत नाहीत. सूनबाईचं आणि माझं ठीक आहे. त्या दोन रविवारांबद्दल आम्ही बोलत नाही. मी तिला दोष देत नाही, तिने तिच्या लेकरासाठी मागितलं, नाही म्हणायचं काम माझं होतं.

पोरगी येत्या जूनमध्ये आठवीत जाईल. आठवीच्या मुलांसाठी केंद्राची एक शिष्यवृत्ती परीक्षा असते, एनएमएमएस. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असलेल्या, सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. आणि नवोदयमध्ये नववीला रिकाम्या राहिलेल्या जागांसाठीही परीक्षा होते, तिचा फॉर्म आठवीत भरतात. जागा थोड्याच असतात, पण असतात. तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या, शेतावर येणाऱ्या बायकांना हे माहीत नसतं. त्यांच्या मुलांच्या वयाचा अंदाज घेऊन जरा सांगत जा.

परवा हंगामाचा शेवटचा हिशेब घ्यायला तिची आई आली होती, पोरगी सोबत होती. उंच झालीय. मी कपाटातून ते जुने झेरॉक्स काढले. कागद पिवळे पडले होते, पण गोळे तेच आहेत. तिला निळं पेन दिलं आणि आधी नावाचा रकाना भरायला सांगितला. एक अक्षर एका चौकटीत, असं म्हणत मी शेजारी बसले. नातू सायकलची साखळी हातात घेऊन दारात उभा होता, तो म्हणाला, "आजी, तिला वेळ लावून सोडवायला दे. मी घड्याळ धरतो."

तिच्या आईने पैसे मोजले, पदराला बांधले आणि विचारलं, "बाई, या रविवारी पाहुने नाहीत ना?"